फाटक्या कार्डांचं टपाल

मागच्या अंकात माझ्या जुन्या, झिजलेल्या बेसबॉल कार्डांविषयी लिहिलं होतं. त्यावर संपादकांकडे बरीच पत्रं आली आणि त्यांनी ती "आता तुम्हीच निस्तरा" असं म्हणत माझ्याकडे धाडली. मी पिट्सबर्गमध्ये ग्रंथालयाच्या पुस्तकदुरुस्ती विभागातून निवृत्त झालेली बाई. मला खेळापेक्षा कागद जास्त कळतो, हे ध्यानात ठेवून पुढचं वाचा.

ताई, माझ्या नवऱ्याने १९५२ सालचं टॉप्सचं एक कार्ड चाळीस डॉलरला आणलं. चारही कोपरे गोल झालेत, मधोमध घडी आहे, वर कसलासा डाग. खेळाडूचं नावही कधी ऐकलेलं नाही. एवढ्यात आम्ही चार वेळा बाहेर जेवून आलो असतो. फाटक्या कार्डाला कोणी पैसे देतं का?
– एडिसन, न्यू जर्सी

चाळीस डॉलरमध्ये दोघांचं चार वेळा जेवण एडिसनमध्ये कुठे होतं, ते आधी कळवा.

आता कार्डाबद्दल. टॉप्स ही ब्रुकलिनमधली च्युइंगगमची कंपनी. गम खपावा म्हणून पाकिटात खेळाडूंची कार्डं घालायची. १९५२ चा त्यांचा संच ४०७ कार्डांचा, आणि तो एकदम बाजारात आला नाही, हप्त्याहप्त्याने आला. ३११ ते ४०७ क्रमांकांचा शेवटचा हप्ता दुकानात पोचेपर्यंत बेसबॉलचा हंगाम सरत आला होता आणि मुलांचं लक्ष अमेरिकन फुटबॉलकडे वळलं होतं. माल पडून राहिला. तो पुढे कित्येक वर्षं गोदामात जागा अडवून बसला, आणि १९६० मध्ये कंपनीच्या साय बर्गर यांनी उरलेली खोकी बार्जवर लादून समुद्रात बुडवली. तीही तुमच्याच न्यू जर्सीच्या किनाऱ्यापुढे. त्या हप्त्यातलं पहिलंच कार्ड, ३११ क्रमांकाचं, मिकी मँटल या बेसबॉलच्या बड्या ताऱ्याचं. त्याची एक जवळजवळ कोरी प्रत २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेली.

एवढी किंमत कशाची? कोणा मुलाने त्या कार्डाला हात लावला नाही, त्याची. मुलं कार्डांचं काय करायची ते बघा: क्रमांकाने लावून त्यांची गड्डी करायची, तिला रबरबँड घालायचा आणि ती पँटच्या खिशात कोंबायची. भिंतीवर फेकून कोणाचं जवळ पडतं याचा डाव खेळायची. सायकलच्या चाकाला कपड्याच्या चिमट्याने लावायची, म्हणजे तारांवर आपटून मोटारसायकलीसारखा आवाज येतो. या संचातलं पहिल्या क्रमांकाचं कार्ड अँडी पॅफ्को नावाच्या खेळाडूचं आहे. खेळाडू चांगला होता, पण मँटलच्या पंगतीतला नव्हे. तरीही त्याचं धड कार्ड मिळणं महाकठीण, कारण गड्डीत तो कायम सर्वांत वर आणि रबरबँड कायम त्याच्या मानेवर. रबरातला गंधक कागदावर तपकिरी रेघ सोडतो आणि कडेला खाच पाडतो. शेवटच्या ४०७ क्रमांकाचा एडी मॅथ्यूज खालून तेवढाच सोसत आला.

तुमच्या यजमानांना चाळीस डॉलरमध्ये मँटलच्या काळातला, त्याच छपाईचा, त्याच शाईचा आणि पुठ्ठ्याचा एक अस्सल तुकडा मिळाला. कोरी प्रत घ्यायची तर शून्यं वाढवत जावं लागलं असतं. आमच्यासारख्या पगारदारांना साठ-सत्तर वर्षांपूर्वीची वस्तू घरात आणायची तर हा एकच दरवाजा आहे, आणि तो झिजलेला आहे म्हणूनच उघडा आहे.

एक मात्र सांगते. प्रत्येक घडीमागे गोड बालपण असतं असं मानू नका. निम्मी घाण तळघरातल्या ओलीची आणि उंदरांची असते. तुमच्या कार्डावरचा डागही बहुधा गमचा किंवा पाकिटाच्या मेणाचा असेल.

नमस्कार. माझा मुलगा ओहायोत असतो. दिवाळीला येताना त्याने तिथल्या जुन्या बाजारातून सिगारेटच्या पाकिटातलं १९१० च्या सुमाराचं एक कार्ड आणलं. मागच्या बाजूला काळ्या कागदाचे तुकडे घट्ट चिकटले आहेत. पाण्यात भिजवून काढावेत का? आणि पुण्याच्या पावसाळ्यात हे जपायचं कसं?
– कोथरूड, पुणे

आपल्या वर्णनावरून हे टी२०६ संचातलं दिसतं. अमेरिकन टोबॅको कंपनीने १९०९ ते १९११ या काळात आपल्या वेगवेगळ्या छापांच्या सिगारेटसोबत ही कार्डं दिली. पाचशेहून जास्त प्रकार, आकार दीड इंचाहून किंचित अरुंद. पाठीवर पीडमाँट, स्वीट कॅपोरल, ओल्ड मिल असं छापाचं नाव असतं, पण आपल्याकडे ते काळ्या कागदाखाली दडलंय.

टी२०६ हे नाव कंपनीचं नव्हे. सिराक्यूजच्या जेफरसन बर्डिक नावाच्या गृहस्थाने अमेरिकेतल्या झाडून सगळ्या छापील कार्डांची सूची केली, त्यातला हा क्रमांक आहे. संधिवाताने बोटं वाकडी झालेल्या या माणसाने तीन लाखांहून अधिक कार्डं आणि चिटोरे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला दिले आणि स्वतः तिथे बसून वर्षानुवर्षं ते वह्यांत लावले. १९६३ च्या जानेवारीत काम संपवलं आणि मार्चमध्ये तो गेला. आणि लावले म्हणजे कसे, तर गोंदाने! आजचा संग्राहक हे ऐकून कपाळाला हात लावतो. पण तेव्हा संग्रह म्हणजे वहीत चिकटवणं हीच रीत होती. आपलं कार्डही कुणीतरी असंच काळ्या पानांच्या वहीत लावलं होतं आणि नंतर कुणीतरी ओरबाडून काढलं.

भिजवावं का? भिजवता येतं, आणि या काळच्या कार्डांसाठी जाणकार संग्राहकांना ते मान्यही आहे. मात्र काही गोष्टी आधी पाहा. कार्डावर पेनाने काही लिहिलेलं असेल तर पाण्याचं नाव काढू नका. चिकटवायला गव्हाची खळ किंवा डिंक वापरला असेल तरच पाणी कामाचं. पिवळट, चिवट, रबरासारखा थर दिसला किंवा चिकटपट्टी असली तर ती पाण्याला दाद देत नाही. आपल्या बाबतीत तिसरी भीती काळ्या कागदाची. त्याचा रंग पाण्यात सुटतो आणि कार्डाच्या पांढऱ्या कडा करड्या करतो. म्हणून आधी एका कोपऱ्यातल्या काळ्या तुकड्यावर ओला कापूस टेकवून बघा. कापूस काळा झाला तर तिथेच थांबा आणि कार्ड आहे तसं सांभाळा.

रंग सुटत नसेल तर पसरट काचेच्या भांड्यात डिस्टिल्ड वॉटर घ्या. पण बॅटरीत घालतात ते नव्हे, औषधाच्या दुकानातलं. साबण, व्हिनेगर, ब्लीच, गरम पाणी यांतलं काहीही नको. कार्ड त्यात सोडा आणि आपण पेपर वाचत बसा. खळ फुगली की कागद आपोआप सरकतो. नख लावायचा मोह झाला तर हात मागे बांधा, कारण ओला पुठ्ठा नखाने सोलला जातो. मग टिपकागदाच्या दोन घड्यांमध्ये ठेवून वर जड ग्रंथ. टिपकागद ओला झाला की बदला. दोन-तीन दिवस तरी उघडून पाहू नका. माझ्या नोकरीत नवख्यांनी केलेलं सर्वांत जास्त नुकसान "वाळलं का बघू" या तीन शब्दांनी झालेलं आहे.

मागची बाजू दिसू लागली आणि तिथे पोलर बेअरचं नाव निघालं, तर त्यावरचे तपकिरी डाग घालवू नका. पोलर बेअर ही सुटी तंबाखू होती. कार्ड थेट तंबाखूत पडलेलं असायचं, त्यामुळे ते डाग जन्मखूण समजा.

पावसाळ्यासाठी: पॉलिप्रॉपिलीनची पातळ पिशवी, त्यावर कडक प्लास्टिकचं टॉपलोडर, आणि हे दोन्ही घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. जुन्या फोटो-अल्बमचं मऊ, वास येणारं पीव्हीसी प्लास्टिक नको. डबा बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका. श्रावणात ती भिंत घाम फोडते.

ऑनलाइन लिलावात टाय कॉबचं टी२०६ कार्ड साठ डॉलरला दिसतंय. पिवळं पडलंय, कोपरे झिजलेत. विकणारा म्हणतो आजोबांच्या माळ्यावर सापडलं. घेऊ का?
– टोरांटो

घेऊ नका. कॉब हा त्या काळचा फार मोठा बेसबॉलपटू. त्याचं खरं कार्ड कितीही चिंध्या झालेलं असो, साठ डॉलरला कोणी सोडत नाही.

झिजलेल्या कार्डांच्या नादी लागणाऱ्यांनी हे पक्कं समजून घ्यावं की नकली कार्ड विकणाऱ्यालाही झीज फार आवडते. कोरी नक्कल लगेच नजरेत भरते. म्हणून तो ती चहाच्या पाण्यात बुडवतो, कोपरे फरशीवर घासतो, खिशात घालून फिरतो. खरी झीज कधी समान नसते. एक कोपरा गेलेला, दुसरा बरा, एका बाजूला ओलीची लाट. घडीच्या चरीत वर्षानुवर्षांचा मळ बसलेला असतो. नकली कार्डाचे चारही कोपरे सारखे गोल असतात, आणि कोपऱ्याच्या आतला पुठ्ठा ताजा पांढरा तरी दिसतो, नाहीतर आरपार सारखाच चहाच्या रंगाचा.

दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि कार्डाखालचं खेळाडूचं नाव बघा. अस्सल टी२०६ वर ती अक्षरं तपकिरी शाईने सलग छापलेली असतात. फोटोवरून केलेल्या नकलेत तीच अक्षरं रंगीबेरंगी ठिपक्यांची बनलेली दिसतात. आकारही मोजा. १९५२ च्या टॉप्स संचाची खुद्द टॉप्सनेच १९८३ मध्ये नवी आवृत्ती काढली होती, ती मूळ कार्डांहून लहान आहे. ती कार्डं प्रामाणिक आहेत, पण पुढे कुणीतरी ती घासून "जुनी" करतो. साधी पट्टी जवळ असली तर इथे फसायचं कारण नाही.

माळ्यावरच्या गोष्टी मात्र सगळ्याच खोट्या नसतात. ओहायोतल्या डिफायन्स गावी २०१२ मध्ये एका घराच्या माळ्यावर १९१० च्या सुमाराची शेकडो कार्डं अगदी ताजी निघाली. २०१६ मध्ये एका कुटुंबाने पणजोबांचं घर आवरताना एक फाटकी कागदी पिशवी कचऱ्यात टाकता टाकता उघडून पाहिली, आणि तिच्यात टाय कॉबचीच सात दुर्मीळ कार्डं होती. मात्र अशी कार्डं साठ डॉलरच्या जाहिरातीत येत नाहीत, लिलावगृहात जातात.

ग्रेडिंगला पाठवावं का?
– ह्यूस्टन

बहुतेक वेळा नको. पीएसएसारख्या कंपन्या कार्ड तपासून एक ते दहा गुण देतात आणि सीलबंद डबीत घालून परत पाठवतात. आपल्या फाटक्याला एक किंवा दीड मिळणार, तो आकडा आपल्याला घरबसल्या माहीत आहे. फी आणि टपालखर्च मिळून कार्डाच्या किमतीपुढे जातो. कार्ड मोठ्या खेळाडूचं असेल आणि खरं-खोटं कळायला हवं असेल, तर पाठवा.

काकू, रोबर्टो क्लेमेंटेचं १९५९ चं कार्ड मिळालं. पण त्यावर कोण्या पोराने बॉलपेनने खाडाखोड केली आहे. छापलेलं 'बॉब' खोडून वर 'रोबर्टो' लिहिलंय. विकणाऱ्याने या कारणाने निम्मी किंमत घेतली. खोडरबरने किंवा कशाने हे निघेल का?
– नेपरव्हिल, इलिनॉय

खबरदार. त्या पोराने जे केलं ते बरोबर होतं.

क्लेमेंटे पोर्तो रिकोचा. आमच्या पिट्सबर्ग पायरेट्स संघाकडून अठरा हंगाम खेळला. १९५५ च्या त्याच्या पहिल्या कार्डावर टॉप्सने नीट 'रोबर्टो' छापलं, पण १९५७ पासून १९६९ पर्यंत 'बॉब क्लेमेंटे' छापत राहिले. अमेरिकन जिभेला सोपं जावं म्हणून. त्याला स्वतःला ते आवडत नसे, तो आपलं नाव रोबर्टोच सांगायचा. इथल्या ऑफिसांत 'सँडी' आणि 'विक' झालेले आपले संदीप आणि विक्रम हे वाचून काय म्हणतील ते त्यांनाच विचारा. १९७० च्या कार्डावर टॉप्सला शहाणपण आलं. दोन वर्षांनी, १९७२ च्या शेवटच्या दिवशी, निकाराग्वातल्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेलं त्याचं विमान समुद्रात कोसळलं. त्याच्या नावावर तेव्हा बरोबर ३००० हिट्स, म्हणजे यशस्वी फटके, होत्या.

मी या गावात आले ती त्यानंतर, त्यामुळे त्याला खेळताना पाहिलेलं नाही. पण माझ्याबरोबर बांधणीखात्यात काम करणाऱ्या बायका त्याच्याविषयी बोलताना वर्तमानकाळ वापरायच्या. स्टेडियमपाशी त्याच्या नावाचा पूल आहे, आणि उजवीकडची भिंत एकवीस फूट उंच बांधली आहे, कारण त्याच्या शर्टाचा क्रमांक २१. एकोणसाठ साली एका मुलाला छापील नाव चूक वाटलं आणि त्याने ते सुधारलं. टॉप्सला तेवढं करायला आणखी अकरा वर्षं लागली.

अशा खाडाखोडीची कार्डं मी मुद्दाम घेते. माझ्याकडे डॉजर्स संघाच्या ड्यूक स्नायडरचं १९५७ चं कार्ड आहे. त्यावरचं ब्रुकलिन पेन्सिलीने आडवं खोडलेलं आहे, इतकं दाबून की पाठीवर रेघ उमटलीय. त्या हंगामानंतर डॉजर्स संघ ब्रुकलिन सोडून लॉस एंजेलिसला गेला, त्याचा हा राग असावा. संघ बदलला की कार्डावर नवा संघ लिहिणं हा तेव्हाच्या मुलांचा हिशेबच होता. बाजारात अशा लिखाणाने किंमत पडते, आणि माझं त्यात भलंच होतं.

बॉलपेनची शाई तशीही निघत नाही. रबर फिरवलंत तर शाईखालचा रंग जाईल, शाई राहील.

१९७१ च्या टॉप्स कार्डांच्या काळ्या कडा फार लवकर उडतात. काळ्या मार्करने कोपरे भरले तर दिसायला छान दिसतं. घरच्या संग्रहासाठी केलं तर काय बिघडलं?
– फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

तुमचं कार्ड, तुमचा मार्कर. पण तुम्ही एक दिवस ते विकाल, किंवा तुमची मुलं विकतील, आणि विकताना "हे रंगवलेलं आहे" असं कोणी सांगणार नाही. भिंगाखाली मार्कर जांभळट चमकतो, त्यामुळे पकडलं जाईलच. तेव्हा ते कार्ड झिजलेलं न राहता फसवं ठरेल. ग्रेडिंगवाले झिजलेल्याला निदान एक गुण देतात. रंगवलेल्याला, कापलेल्याला गुणच देत नाहीत.

या धंद्यातली सर्वांत गाजलेली गोष्ट यावरच आहे. टी२०६ संचातलं आमच्या पिट्सबर्गच्या संघातल्या होनस वॅगनरचं कार्ड मोजक्याच प्रती निघून बंद झालं. कुणी म्हणतं त्याला तंबाखूसोबत आपलं चित्र नको होतं, कुणी म्हणतं पैशाचं जमलं नाही. त्यातली सर्वांत देखणी प्रत १९९१ मध्ये हॉकीपटू वेन ग्रेट्झकी आणि त्याच्या भागीदाराने साडेचार लाख डॉलरला घेतली. पीएसएने दिलेल्या प्रमाणपत्रांतलं ते पहिलं, आणि गुण आठ. २००७ मध्ये तीच प्रत २८ लाखांना गेली. आणि २०१३ मध्ये बिल मास्ट्रो या बड्या लिलावदाराने शिकागोच्या न्यायालयात कबूल केलं की तिच्या कडा आपण कापून सरळ केल्या होत्या. इतके धारदार कोपरे उगाच नव्हते.

दुसरीकडे त्याच वॅगनरची एक प्रत आहे, तिचा जवळपास अर्धा भागच फाटून गेला आहे. ती २०२१ मध्ये पावणेपाच लाख डॉलरच्या वर गेली. तिच्याविषयी कुणाला शंका नाही. काय गेलंय ते समोर दिसतंय. त्यामुळे मार्करला टोपण लावा, आणि १९७१ ची उडालेली काळी कड पांढरीच दिसू द्या.

आजी, मी दहा वर्षांचा आहे. बाबा म्हणतात जुन्या कार्डाला हात लावायचा नाही. मग ते कशाला आणायचं? आणि सायकलला लावलं तर खरंच मोटारसायकलीचा आवाज येतो का?
– सिअॅटल

हात लाव. आधी साबणाने धू, नीट पुसून कोरडे कर, मग कार्ड कडांना धर आणि टेबलावरच बघ, म्हणजे पडलं तरी उंचावरून पडणार नाही. झिजलेल्या कार्डाचा हाच फायदा आहे, ते बाबांना दाखव.

आवाज येतो. पण सायकलसाठी जुनं कार्ड घेऊ नकोस. १९८८ ते १९९० च्या सुमाराला कंपन्यांनी इतकी कार्डं छापली की आजही ती खोक्याने मिळतात आणि कोणाला नको असतात. बाबांना गराज सेलमधून त्यातलं एक खोकं आणायला सांग. कपड्याचा लाकडी चिमटा घे, मागच्या चाकाच्या दांडीला लाव, आणि कार्डाचं टोक तारांना जेमतेम लागेल एवढंच आत सरकव. फार आत घातलंस तर पहिल्याच वळणावर दुमडतं. कोणाचं लावलंस ते मला कळव.